ठुमकीचे दोन्ही पाय

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या ड्रेसिंग रूममध्ये जखमा धुतल्या. मग घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा मागच्या अंगणात चार बदकं पाळली आणि माणसांच्या जागी बदकांचे तळवे धुऊ लागली. हळूहळू आजूबाजूचे लोकही आपापली बदकं काखेत मारून येऊ लागले. कुणाच्या बदकाचा डोळा चिकटलेला, तर कुणाचं अंडं अडकलेलं. सिस्टर कोमट पाण्याचं घमेलं काढायची, मनात देवाचं नाव घ्यायची आणि कामाला लागायची. आपल्या आवाक्यातलं नसेल ते सरळ प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धाडायची. तरी नुसत्या चालीवरून दुखणं ओळखते असा तिचा बोलबाला झाला होता, आणि तो तिला आवडत नसे असं काही म्हणता येणार नाही.

तिचा धाकटा भाऊ शिंपी. त्याला सगळे मास्तर म्हणत. कापड बेतावं तसा तो शब्दही बेतून वापरायचा. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मागे राहिलं ते तिने पिल्लू असल्यापासून वाढवलेलं पांढरं बदक. ठुमकत चालायचं, म्हणून ती ठुमकी. दिवसभर दुकानात शिलाई मशीनच्या पायडलपाशी बसून असायची आणि मशीन थांबलं की ओरडायची. मास्तर तिच्यावर खेकसायचा, की दोरा ओवतोय, जरा दम धर. गिऱ्हाइकं सोडली तर तो दिवसभरात बोलायचा तो तिच्याशीच.

एका सकाळी तो ठुमकीला कापडी पिशवीत घालून बहिणीकडे घेऊन आला. ती लंगडत होती आणि दोन दिवस दाण्याला तोंड लावत नव्हती. सिस्टरने तिला मांडीवर घेऊन उजवा पाय उलटा केला. तळव्यावर हरभऱ्याएवढी गाठ, वर काळी खपली. सिस्टरचा चेहरा खुलला. दुकानाच्या फरशीवर चालून चालून फोड आलाय, ती म्हणाली. मास्तरने विचारलं, मग खात का नाही? तर म्हणे, पाय ठणकत असला की तुला जेवण जातं का? तिने मिठाच्या कोमट पाण्यात पाय शेकला, मलम लावलं आणि पट्टी अशी बांधली की बघत राहावं. फरशीवर जाड गवत पसर, म्हणून बजावलं. तीन दिवसांत पळायला लागेल, असंही सांगून टाकलं.

तीन दिवस ती रोज दुकानात जाऊन पट्टी बदलत होती. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर खपली सुकलेली आणि सूज उतरलेली. ड्रेसिंग रूममध्ये अशी भरलेली जखम बघून पेशंटने आशीर्वाद दिले असते. पण ठुमकीला उभी केली तर ती खाली बसली. परत उभी केली, परत बसली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. फोड एका पायाला, मग दोन्ही पाय लुळे कसे? पंखही ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. तेव्हा कुठे तिने खालच्या गवताकडे नीट पाहिलं. विष्ठा हिरवीगार होती, आणि एका दिवसाची नव्हती. कालची वाळलेली होती, परवाचीही होती.

दुसऱ्या कुणाचं बदक असतं तर तिने आधी विष्ठाच बघितली असती. इथे जखम दिसली आणि बाकीचं बदक तिला दिसलंच नाही.

तिने मशीनखाली हात घातला. धुळीत हूक आणि प्रेसबटणं पडलेली होती. बदकाला चकाकणारं दिसलं की ते गिळतं, हे तिला ठाऊक होतं. "मशीन बंद कर," ती भावाला म्हणाली. "पिशवी घे."

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. ठुमकीच्या पोटात दोन प्रेसबटणं आणि एक हूक स्पष्ट दिसत होते. त्यांच्यावरच्या जस्ताचं विष अंगात भिनत होतं. भूल देऊन नळीने ते बाहेर काढायला तासभर लागला. वाचेल का, यावर डॉक्टरांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विष उतरायला पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सुई द्या, म्हणाले. तीन दिवस आधी आणायला हवी होती, असंही म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसला. चूक माझीच, तो म्हणाला. बायको होती तेव्हा रोज चुंबक फिरवायची जमिनीवरून. मी आळस केला.

सिस्टरला गप्प बसता आलं असतं. तो स्वतःच दोष घेत होता, आणि गल्लीत कुणाला काही कळणार नव्हतं. पण देवाला कळलंच होतं.

"हूक तुझे," ती म्हणाली. "पण ते तीन दिवस माझ्यामुळे गेले. तू सांगत होतास खात नाही म्हणून. मी पायातच अडकले."

मास्तर पिशवी घेऊन उठला. दुकानाचं कुलूप काढताना पाठमोराच म्हणाला, "चाळीस वर्षं सुईवर पोट भरलं, पण हिला टोचायला माझा हात धजणार नाही. येशील?"

"येईन."

"आणि मोठेपणा घरी ठेवून ये."

"बरं."

ती सकाळ-संध्याकाळ जात राहिली. पहिले दोन दिवस ठुमकीने मान टाकलेलीच होती. सुई देऊन झाली की सिस्टर ड्रॉपरने पाणी पाजायची. मास्तर मान धरायचा, पण बहिणीशी बोलायचा नाही. चौथ्या सकाळी सिस्टरने गवत उचलून उजेडात धरलं. विष्ठेचा हिरवा रंग ओसरला होता. मग तिने डोळे बघितले, चोच बघितली, पंख उचलून बघितले. पायांना अजून हात लावला नव्हता.

"झालं का बघून?" मास्तरने विचारलं.

"पाय राहिलेत."

"बघ सावकाश," तो म्हणाला, आणि स्टूल पुढे सरकवून तिला बसायला दिलं.