गावंडेभाऊंचं उत्तर

गावंडेभाऊ वर्गात उघड्या डोळ्यांनी झोपत. सरांना ती तन्मयता वाटे. अमरावतीतलं कायद्याचं कॉलेज सकाळी सातला भरे आणि भाऊ अकोल्याहून साडेचारची एसटी धरून येत. सरांनी काही विचारलं की मी कोपरानं ढोसायची; ते उठून कलम अचूक सांगत आणि बसल्या बसल्या पुन्हा झोपत. तिथून आम्ही दोघं थेट विमा कंपनीच्या ऑफिसात.

दाव्यांच्या टेबलावर त्यांची वीस वर्षं गेली होती. कायदा अधिकाऱ्याची जागा निघणार होती, त्यासाठी ही पदवी. पन्नाशीनंतर अर्ज चालत नव्हता आणि शेवटच्या वर्षाला भाऊ एकोणपन्नासचे, म्हणजे संधी एकच. अर्ज मीही करणार होते, पण माझ्याकडे अजून बारा वर्षं होती. या वयात कशाला रक्त आटवता, असं मी विचारलं की म्हणत, "वीस वर्सं लोकायले नाही म्हनलं, ताई. कोन्त्या कायद्यानं म्हनलं, थे तं पाहू द्या."

परीक्षेच्या आधी कँटीनमध्ये ते मला शिकवत. एकदा त्यांनी जुनी फाईल उघडली. बार्शीटाकळीच्या एका भाजीवाल्या बाईची म्हैस मेली होती; नवरा दवाखान्यात, म्हणून तिनं बारा दिवसांनी कळवलं. मुदत टळली म्हणून दावा नामंजूर. उशिरामागचं कारण खरं असेल तर नुसत्या उशिरानं दावा बुडत नाही, हे मला समजावून सांगता सांगता ते थांबले. "हे पत्र माह्याच हातचं आहे," म्हणाले. चहा तसाच राहिला.

मुलाखतीला ते माझ्या आधी आत गेले. बाहेर येऊन सांगितलं की, खऱ्या कारणानं उशिरा आलेल्या दाव्याचं काय कराल, असं विचारलं. मंजूर करीन म्हटलं. साहेब लोक एकमेकांकडे पाहायला लागले म्हणे. मग मी आत गेले. प्रश्न तोच. उत्तर मला येत होतं, त्यांनीच शिकवलेलं. समोरचे चेहरे पाहिले आणि मी म्हटलं, अट ती अट, नामंजूर.

जागा मला मिळाली. मी माफी मागायला त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनीच खुर्ची पुढे केली.

"वाईट नका वाटून घेऊ, ताई. तुमाले कायदाबी येते अन् नोकरीबी. मले आता एकच येते."

भाऊ अजून त्याच टेबलावर आहेत. उशिराच्या दाव्यांवर 'मंजूर करावा' अशी शिफारस लिहून फाईल माझ्याकडे पाठवतात. मी खाली 'नामंजूर' लिहिते. लिहिताना हात अडखळत नाही, आणि हल्ली मी थकते ती या न अडखळण्यानंच.