दगडाबाईंनी उघडलेलं पाणी

माझ्या सासूबाई दगडाबाई आंबिवलीजवळच्या, काळू नदीकाठच्या कोळ्यांच्या. मी डोंबिवलीच्या सोसायटीत वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा घरामागे हिरवंगार मैदान पसरलेलं दिसलं. मी नवऱ्याला, सुदेशला विचारलं, "इथे क्रिकेट खेळतात का रे?"

तो हसला नाही. "ती नदी आहे. वर जलपर्णी आलीय."

नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यावर ती जलपर्णी पोसायची. खाली ऊन पोचायचं नाही, मासे नाहीसे झालेले. सासऱ्यांनी, गुणाजींनी, जाळी गुंडाळून माळ्यावर टाकलेली. सुदेश वागळे इस्टेटमध्ये कामाला लागलेला. होडी मात्र आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विकू दिली नव्हती.

त्या होडीतून आई रोज सकाळी एकट्याच जायच्या. दाताळ्याने जलपर्णी ओढायच्या, होडीत भरून काठावर आणून टाकायच्या. पाण्याने फुगलेल्या त्या मुळांची एक पाटी मला धड उचलता येईना, आणि आईंनी तर साठी ओलांडलेली!

"अगो, एवरी मोठी नदी आन तू येकटी," सासरे ओट्यावरून म्हणायचे.

"सगली कोन साफ करतंय? जरा तिचा तोंड उघरते."

घरातही तेच. साबणाचं पाणी नदीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी मागे शोषखड्डा खणलेला, त्याच्या कडेला केळी लावलेल्या. तांदळाच्या धुवणात भाजी धुवायची, मग ते कढीपत्त्याला घालायचं. मी नळ सोडून दात घासायला लागले, की त्या न बोलता येऊन नळ बंद करायच्या. मला भयंकर राग यायचा.

उन्हाळा सरत आलेला. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "दक्षता, चल गो होरीत. दावते काय तरी."

जलपर्णीतून त्यांनी काढलेल्या वाटेने आम्ही आत गेलो. वळणापलीकडे एकदम पाणी उघडं झालं. त्यात आभाळ दिसत होतं. एवढं सगळं या एका बाईने ओढून काढलेलं? मी त्यांच्या हातांकडे बघतच राहिले.

"बोलू नको. तिथं बघ."

पुढ्यातल्या पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखे थेंब उठत होते. आभाळ तर कोरडं. वाकून बघितलं तर माशाची केशरी रंगाची इवलीशी पिल्लं, शेकडो, एकाच घोळक्यात फिरणारी. सगळी मिळून वर यायची, श्वास घ्यायची आणि खाली जायची. आणि त्यांच्याखाली एक लांब काळी सावली, संथ, गोल फिरत.

"मरल," आई कुजबुजल्या. "पोरा सांबालते ती."

मरळ म्हणजे आमच्या घरी सणाचं जेवण. किती वर्षांनी दिसलेली, हाताच्या अंतरावर. आईंनी वल्हं अलगद वर उचललं. प्रवाहाने होडी हळूच मागे सरकू लागली.

घरी येऊन मी सासऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आईंच्या आधी होडीत जाऊन बसले.

पावसाच्या पुरात उरलेली जलपर्णी वाहून गेली आणि थंडीत पुन्हा आली, कारण नाले अजून तसेच वाहतात. पण आता आळीतल्या आठ-दहा घरांमागे शोषखड्डे आहेत, आणि सकाळी नदीत तीन होड्या असतात. रविवारी त्यातल्या एकीचं वल्हं माझ्या हातात असतं. आई पुढे बसून सांगतात, "हलू मार गो, खाली कोन तरी असल."