मागे सरकल्यावर आलेला कावळा

"डॉक्टर सायब, खरं सांगा. तुमच्या बाईसायबालाबी हीच सुई दिली व्हती ना?"

गयाबाईंनी असं विचारलं आणि सिस्टरच्या हातातली सिरिंज तशीच राहिली. देवगाव फाट्याकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. बाहेर दाट धुकं. रस्त्यावरच्या कापसाच्या गाड्या दिसण्याआधी ऐकू येत होत्या. गयाबाईंची सून रेखा बाकावर बसली होती. सातवा महिना, त्यात दमा. अशा बाईचा फ्लू छातीत उतरायला वेळ लागत नाही. फ्लूची लस तिला हवीच होती.

"हो," मी म्हणालो. "मीच दिली होती."

"अन् आठवड्यात त्या गेल्या."

"गेली."

सुमती, माझी बायको. तिचं हृदय बरीच वर्षं थकलेलं. हृदयरोग्यांना फ्लू जड जातो, म्हणून ही लस आम्ही आधी त्यांना देतो. म्हणजे ज्यांची प्रकृती मुळात नाजूक, त्यांच्याच दंडात सुई आधी जाते. मग त्यांच्यातलं कोणी गेलं की नाव सुईचं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिचं जुनं दुखणंच कारण सांगितलं होतं. मला ते पटलंही. तरी पहाटे डोळा उघडला की तिच्या दंडावरचा कापसाचा बोळा दिसायचा.

गयाबाईंनी आवाज खाली आणला. "दहाव्याला कावळा शिवला का?"

"लवकर नाही. दुधना नदीच्या काठी सगळे ताटकळले. शेवटी मेहुणा पुढे होऊन म्हणाला, ताई, तुझी पुस्तकं रद्दीत घालणार नाही. मग आला."

"बघा! पुस्तकात जीव अडकला व्हता."

"मावशी, मी त्या कावळ्याकडेच बघत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं. कोणी कबूल करायला पुढे गेलं की तो उडायचा. मेहुणा बोलला आणि सगळ्यांना घेऊन मागे आला. वाळू मोकळी झाली, तेव्हा तो उतरला."

"मंजी बोलण्यानं न्हाई?"

"बोलले तर बाकीचेही होते. मागे कोणी सरकलं नव्हतं."

गयाबाई म्हणाल्या, "तुमी लय कोरडे हाव, सायब."

मग मी रेखाला समजावलं. या इंजेक्शनात मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यांनी फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. मोठी अ‍ॅलर्जी क्वचित येते, म्हणून थोडा वेळ इथेच बसवून ठेवू.

रेखानं बाही वर केली. "आत्या, तुमी जरा मागं सरका. सिस्टरला जागा द्या."

सिस्टर हसली. गयाबाई सरकल्या, तोंडाला पदर लावून.

दुसऱ्या दिवशी गयाबाईंचा फोन. "सायब, अंग तापायलंय हिचं!"

"सांगितलं होतं ना? पॅरासिटामॉल द्या. धाप लागली तर लगेच घेऊन या."

ताप उतरला. त्या थंडीत गावभर खोकला फिरला, रेखाला काही झालं नाही. ते लसीमुळेच, असं एका बाईवरून सांगता येत नाही. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या पुष्कळ जणींना शेजारी ठेवून बघावं लागतं. ते काम इतरांनी केलेलं आहे. मी त्यावर विसंबतो.

बाळंतपणानंतर गयाबाई नातीला घेऊन आल्या. टोपडं काढून म्हणाल्या, "जावळ बघा किती दाट. सुईचा गुण!"

"मावशी, सुईनं जावळ येत नसतं."

"तुमी गप बसा. मी गल्लीत सांगून आले."

पुढच्या तपासणीला त्यांच्या गल्लीतल्या गरोदर बायका लस मागतच आल्या. जावळाचा संबंध नाही, हे मी प्रत्येकीला सांगितलं. त्या मान डोलवायच्या आणि बाही वर करायच्या.

एक चुकीचं कारण खोडलं की माणसं त्या जागी दुसरं आणून ठेवतात, एवढं मी नोकरीत शिकलो. सुमतीची पुस्तकं कपाटात आहेत. सकाळी मी अंगणाच्या भिंतीवर दहीभात ठेवतो आणि मागे सरकतो. कावळा का उतरतो, ते मला माहीत आहे. तरी तो येईपर्यंत मी मनात एकेका पुस्तकाचं नाव घेत राहतो.