कुंपणावरची काळी खार

आमचा मामा रंगारी. भिंतींच्या संगतीत राहून हा माणूस मुका झाला, असं मामी म्हणते आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलते. हाती घेतलेलं काम मामानं अर्धवट सोडलेलं मी एकदाच पाहिलं. वाचनालयाच्या लोखंडी कुंपणाचं.

त्या दुपारी काळ्या रंगाचा डबा उघडाच ठेवून तो जेवायला गेला. परत आला तर ओल्या गजांवर इवलीशी पावलं उमटलेली. दोन दिवसांनी वाचनालयाच्या बागेत एक खार दिसली, नाकापासून शेपटीपर्यंत काळीकुट्ट. बाकीच्या सगळ्या तपकिरी.

"माझ्या डब्यात पडली ती. आता अंग चाटत बसेल आणि मरेल," मामा एवढंच म्हणाला, अन् ब्रश धुऊन ठेवून दिला.

मला हसू आलं, तशी मामीनं डोळे वटारले. मग हळू आवाजात सांगितलं. मामा नवशिका असताना त्याच्या उघड्या डब्यातला रंग चाटून उस्तादांचं कुत्र्याचं पिल्लू गेलं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यानं हे तिला सांगितलं, तेही पाठ फिरवून.

मामा रोज बागेतल्या बाकावर जाऊन बसू लागला. खार जिवंत दिसली की तेवढ्यापुरता त्याचा जीव भांड्यात पडायचा. वाचनालयाच्या बाईंनी परोपरीनं समजावलं. "अहो, काही खारी जन्मतःच अशा असतात. केसात काळा रंग जास्त उतरतो, एवढंच. तो आजार नव्हे."

"बाई, तुम्ही पुस्तकातलं सांगताय. डबा मी उघडा ठेवला होता."

बाईंनी पुस्तकातला काळ्या खारीचा फोटो पुढे केला. पठ्ठ्यानं तो नखानं खरवडून पाहिला!

आठव्या दिवशी मामीच तरातरा बागेत गेली. मीही मागोमाग. वारा सुटला होता आणि खार समोरच्या फांदीवर शेपटी फुलवून बसली होती.

"काय हो, ब्रश धुवायचा राहिला तर काय होतं त्याचं?"

"लाकूड होतं. केसाला केस चिकटतो."

"मग ती शेपटी बघा."

मामानं पाहिलं. वाऱ्यावर शेपटीचा एकेक केस सुटा हलत होता, अगदी कोऱ्या ब्रशासारखा. जन्मभर ब्रश धुणाऱ्या माणसाला हे आठ दिवस दिसलं नव्हतं.

"आईच्या पोटातूनच काळी आहे गं ही," मामा म्हणाला आणि ढसाढसा रडला. मामी त्याच्या शेजारी बसली. एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणाचं काम पुन्हा सुरू झालं. डब्याला झाकण, आणि मामा जेवायलासुद्धा जागचा हलेना. "ती पावलं कुणाची तरी होतीच ना," म्हणाला. संध्याकाळी मी न्यायला गेलो, तर रंगवलेल्या गजांसमोर मांडी घालून, हातात काठी घेऊन राखण चाललेली. मी एका गजाला बोट लावून पाहिलं.

"वाळलं की, मामा. चला आता."

"बस जरा," मामा म्हणाला. "त्या पिल्लाच्या वेळी नव्हतो बसलो."

मी त्याच्या शेजारी बसलो.