नानांच्या गाऱ्हाण्यातली माणसं

माणूस गेला की आठवडाभर दारात चपलांचा ढीग असतो. नाना गेले तेव्हा चपलांबरोबर किश्शांचाही ढीग लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण एक किस्सा सोडून जायचा आणि जाताना दोन घेऊन जायचा. आता त्यातला खरा कुठला आणि वाढवलेला कुठला, मलाच कळेनासं झालंय. हे मात्र माझ्यासमोर घडलेले.

नाना म्हणजे माझे वडील. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत चौतीस वर्षं लेथ मशीनवर. गाव मालवणकडचं, घर डोंबिवलीत. गणपतीत आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातला मोठा माणूस सगळ्यांच्या अडचणी मोठ्याने देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" असं ओरडायचं. सोसायटीच्या गणपतीतही हे काम नानांकडेच होतं.

एका वर्षी लिफ्ट तीन महिने बंद. नानांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आमच्या सेक्रेटरीक लिफ्टवाल्याक फोन करूची बुद्धी दी रे म्हाराजा!" सगळ्यात जोरात "व्हय म्हाराजा!" ओरडले ते स्वतः सेक्रेटरी देशपांडे. आणि मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलले ना?"

आता माझं सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरात जाहीर केलं, की मी देव मानत नाही. नाना "बरां" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात आईचं नाव आलं, ताईचं आलं, गावच्या म्हशीचंसुद्धा आलं. माझं नाही! पुढची अठ्ठावीस वर्षं नाही. रागावले म्हणावं, तर पहिला मोदक माझ्याच ताटात पडायचा. मी मानतच नाही, तर मला वाईट का वाटावं? पण वाटायचं. दरवर्षी मागे उभा राहून मी कान देऊन ऐकायचो.

बाकी देवापुढे नाना कुणाचं काही झाकून ठेवत नसत. एकदा म्हणाले, "आमच्या सायलीचो तो ठाण्याचो मित्र, तेका बरी नोकरी लागू दी रे म्हाराजा!" आम्ही सवयीने "व्हय म्हाराजा!" ओरडलो आणि मग सगळ्यांच्या माना सायलीकडे वळल्या. सायली माझी मुलगी. तिला असा कुणी मित्र आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"आजोबा!" सायली किंचाळली.

"अगो, देवापासून काय लपवूचा?"

"देवापासून नाही हो, आईपासून!"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टेबलावर आडवे झाल्या झाल्या नानांनी हात जोडले. मी दारातच होतो. "म्हाराजा, ह्या डॉक्टराक सकाळी पोटभर नाश्ता मिळालेलो असू दे. घराकडे भांडाण झालेला नसू दे!"

मास्कच्या आडून डॉक्टर म्हणाले, "काका, झालेलं. पण मिटलं."

कळव्याचे गौतमकाका हे नानांचे कंपनीतले दोस्त. ते बौद्ध, देवबिव काही मानत नाहीत, पण मोदकांना दरवर्षी हजर. आणि नाना त्यांचं नाव मात्र न चुकता घ्यायचे, "गौतमाची शुगर ताब्यात ठेव रे म्हाराजा!" माझं डोकंच चालेना. न मानणारा मित्र चालतो, न मानणारा मुलगा चालत नाही?

शेवटी मी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "अरे, मी तर दरवर्षी सांगतो, माझं नाव घेऊ नको म्हणून. ऐकतो का तो? तू कधी सांगितलेलंस, घेऊ नका म्हणून?"

"नाही."

"मग मला नाय माहीत बाबा," असं म्हणून त्यांनी अजून एक मोदक घेतला. मी होतो तिथेच राहिलो.

या वर्षी गणपतीत नाना ठाण्याला हॉस्पिटलमध्ये होते. गाऱ्हाणं तर घालायचंच होतं. माझ्या बायकोने, मेधाने, घरून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मूर्तीसमोर धरला. इकडे मी नानांच्या तोंडासमोर फोन धरून बसलो.

"बा देवा म्हाराजा! ऐकाक येता मा?"

आवाज पार खोल गेलेला. तरी आई, ताई, मेधा, सायली, गौतमकाका, शेजारच्या खाटेवरचे आजोबा, रात्रपाळीची नर्स, सगळ्यांची नावं झाली. तिकडून घरचे ओरडत होते. मग नाना थांबले. संपलं असं समजून मी कॉल कट करायला बोट पुढे केलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आणि ह्येचा तुका काय एक सांगूचा नाय," ते फोनमधल्या मूर्तीकडे बघत म्हणाले. "ह्येचा मी बघतंय."

तिकडून सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

नाना माझ्याकडे वळले. "जेवलंस काय?"