मोकळ्या जागेतलं हळदीकुंकू
तीळ भाजायचा वास आला की मले आमच्या ले-आऊटमधली मोकळी जागा आठवते. यवतमाळच्या बाहेर आम्ही नुकतीच घरं बांधली होती, अन् प्लॉट विकणारा लेकरांसाठी सोडलेल्या जागेलेच तारेचं कुंपण घालून राह्यला होता. माणसं अर्ज लिहीत बसली. मी घरोघरी सांगितलं, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तिथंच. भर उन्हात सतरंज्या टाकून आम्ही बसलो. प्लॉटवाला आला अन् म्हणाला, "काकू, उठा न, कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणायचे हायेत." मी म्हटलं, "सवाशिणींले कोणी उठवते का, भाऊ? तीळगूळ घे." "किती वेळ चालन हे?" "रथसप्तमीपर्यंत. रोज एकीची पाळी हाये." चौथ्या दिवशी त्यानं तार गुंडाळून नेली. आता तिथं पोरं क्रिकेट खेळतात, माझ्या खिडकीची काच दोनदा फुटली. सून चिडते. मी म्हणते, फुटू दे.