सत्ताविसावं पान

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईंना मी कात्रीबाई म्हणते. तोंडावर म्हणते; पाठीमागे म्हणायला माझ्याकडे इतर पुष्कळ असतं. एकट्या राहतात, दुसरीच्या वर्गाला शिकवतात, आणि घरात पाऊल टाकाल तिथं कागदाचे कपटे. ऋतू बदलला हे मला आभाळ बघून कळत नाही. यांच्या केरात पिवळी पानं आली की पानगळ, कापूस आला की थंडी.

रोज सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचा एक सल्ला पडतो. डिजिटल फळ्याचा पडदा ओल्या फडक्यानं पुसू नका. चित्रं आदल्या दिवशी उतरवून ठेवा, नेट ऐनवेळी दगा देतं. त्यातला सगळ्यांचा लाडका सल्ला असा: दरवर्षी नवी फाइल करत बसू नका. जुन्यातली नावं पुसा, नवी घाला, लिंक तीच ठेवा.

हाच सल्ला त्यांच्या अंगाशी आला.

त्यांच्या वर्गात हजेरी तोंडानं घेत नाहीत. डिजिटल फळ्यावर एक झाड आहे, खाली टोपली. प्रत्येक मुलानं कागदाचं पान कापायचं, बाई त्याचा फोटो फाइलीत घालतात. सकाळी आलं की बोटानं आपलं पान टोपलीतून फांदीवर सरकवायचं. ऋतूप्रमाणे झाड हिरवं, पिवळं, मग बोडकं होतं. मुलं सव्वीस, पानं सव्वीस.

यंदा पानगळ लागली आणि फांदीवर सत्ताविसावं पान आलं. बिननावाचं, एका कडेला कुरतडल्यासारखं. बाईंनी पुसलं. दुसऱ्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या आत ते परत फांदीवर. तीनदा पुसलं, तीनदा आलं. मग पुसायला हात धजेना.

"वहिनी, माझ्याकडूनच काहीतरी होत असेल," त्या मला म्हणाल्या. "वय झालं."

"वयाचं माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि माझ्याकडून काहीच होत नाही."

हसल्या नाहीत.

पुढे मुलांच्या आया मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मोठ्या बाईंनी यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "मुलं घरी भलतंसलतं सांगतायत. शनिवारपर्यंत ते पान जायला हवं. नाहीतर वर्ग धाकट्या बाईंकडे देते, तुम्ही पुस्तकांची खोली सांभाळा." तेवीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला पुस्तकांची खोली.

त्याच आठवड्यात बाई घरी कात्री विसरल्या. सैनिकानं बंदूक विसरावी तसं. मी पोचवायला गेले. कात्री निमित्त, मला पान बघायचं होतं. खिडकीपाशी एक खुर्ची रिकामी दिसली, बसले. सव्वीस मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली.

दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "काकू, तिथं नका बसू."

"का गं, मोडकी आहे?"

"नाही. तिथं पानवाली बसते."

बसल्या जागेवरून मला माझा नवरासुद्धा उठवू शकत नाही. तरी उठले. खुर्ची गार नव्हती. ऊन पडत असेल म्हणावं, तर खिडकीचा जाड पडदा ओढलेला होता. हे मी बाईंना सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही; तरी मी सांगितलं नाही, यावरून ओळखा.

त्या दुपारी बाईंनी धीर करून त्या पानाशेजारी फळ्यावर लिहिलं: कोण आहे?

सकाळी पान फांदीवर होतं. खाली एकच शब्द होता. हजर.

बाई सुट्टी टाकून घरी आल्या आणि मला हाक मारली. आम्ही दोघी त्यांच्या जुन्या फाइली उपसत बसलो. त्यांनी प्रत्येक वर्षीच्या पानांचे फोटो नीट ठेवलेले, वर्षवार. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोंत ते सापडलं. तेव्हा शाळा बंद होत्या, वर्ग घराघरांत फोनवर भरत होता, आणि बाईंनी झाडाची लिंक सगळ्या पालकांना दिली होती. फोटोत एक दात पडलेली मुलगी पान धरून हसत होती.

"हिच्या घरात कात्री नव्हती," बाई म्हणाल्या. "दातानं कापलं होतं हिनं. मग ते लोक दुसरीकडे राहायला गेले. मी हिला समोर कधी पाहिलंच नाही."

जुना नंबर लागला. वडिलांनी उचलला. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही.

मुलगी दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. यंदा पानगळ लागली तेव्हा वडिलांना जुन्या फोनात ते झाड सापडलं. लिंक अजून उघडत होती. पानाचा फोटोही त्याच फोनात होता; पान पुसलं गेलं तेव्हा त्यांनी तो पुन्हा घातला होता.

"आठ वाजून दहा मिनिटांच्या आत पान लावायचं, असं तुम्ही सांगितलं होतं," ते म्हणाले. "उशीर नको म्हणून मी लवकरच लावतो. कुणाला त्रास द्यायचा नव्हता, बाई. तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर लिहिलं. आणि रोज दुपारी तुम्ही ते उतरवून टोपलीत ठेवता, म्हणून सकाळी पुन्हा लावता येतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही उतरवत," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं. वेण्यांच्या मुलीनं सहज सांगितलं, "आम्ही उतरवतो. आमची पानं उतरवताना तिचंपण. नाहीतर ती घरी कशी जाणार?"

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिला पुसत होतात ना."

शनिवारी मोठ्या बाई वर्गात येऊन उभ्या राहिल्या. कात्रीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. सात पंचावन्नला, मुलं यायच्या आधी, टोपलीतून ते पान निघालं आणि सावकाश फांदीवर गेलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "वर्गाला नवं झाड करा. कुलूप लावून. हे जुनं त्या मुलीच्या वडिलांकडे राहू दे. वर्ग तुमच्याकडेच."

"मग दुपारी पान कोण उतरवणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

तेव्हापासून बाई शाळेतून आल्या की पाय धुवायच्या आधी फोन उघडून एक पान टोपलीत ठेवतात. ग्रुपवर त्यांनी जुना सल्ला मागे घेतला. नवा असा आहे: दरवर्षी नवी फाइल करा. जुनीला कुलूप लावा, पण लावण्याआधी आत कोणी आहे का ते बघा. त्याला अंगठे कमी आले.

मागच्या आठवड्यात बाई तापानं पडल्या. डोळेसुद्धा उघडेनात. दुपारी म्हणाल्या, "वहिनी, पान तेवढं उतरवा."

मी त्यांच्या उशाशी बसून फोन उघडला. फांदी रिकामी होती. पान टोपलीत होतं, नीट, कुरतडलेली कड वर करून.

मी त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. त्यांनी सकाळी लावलं होतं, नंतर हात लावला नव्हता. मुलांकडे ते झाड आता नाही.

"उतरवलंत?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ही बातमी मी अजून कुणालाही दिलेली नाही. आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटणार नाही. पानाचं नव्हे, माझ्या गप्प बसण्याचं.